'रन' अडला तर आजूबाजूला बघा

इंग्रजी वाचताना 'रन' दिसला की आपण पळणं किंवा क्रिकेटमधली धाव धरतो आणि वाक्य भलतीकडेच जातं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे 600 हून अधिक अर्थ आहेत. ते पाठ करायच्या फंदात पडू नका.

आधी कर्ता बघा. नळ असेल तर वाहतो, नाक असेल तर गळतं, कपड्याचा कच्चा रंग जातो, अमेरिकेतला उमेदवार निवडणूक लढवतो (ब्रिटनमध्ये यासाठी 'स्टँड' म्हणतात). मशीन, दुकान, बस यांच्यासाठी आपलं 'चालणं-चालवणं' घालून बघा. बहुतेक वेळा चपखल बसतं.

खरा घोळ पुढच्या छोट्या शब्दात असतो. 'वुई रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणजे घरातलं दूध संपलं, पण आपल्याला आधी स्टंपच आठवतात! 'रन इंटू' मित्राच्या बाबतीत असेल तर अचानक गाठ पडणं, भिंतीच्या बाबतीत असेल तर जाऊन आदळणं. 'रन ओव्हर' सगळ्यात फसवं: माणसावरून गाडी जाणं, आणि मीटिंग ठरल्या वेळेपेक्षा लांबणंही.

म्हणून शब्दकोशात नुसतं 'रन' शोधू नका, 'रन आउट ऑफ' अशी अख्खी जोडी टाइप करा. छापील कोशात या जोड्या बहुधा नोंदीच्या शेवटी सापडतात. वहीत अर्थाऐवजी पूर्ण वाक्यच उतरवा. आणि बातमीत 'रन ऑन द बँक' आलं, तर ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडाली आहे असं समजा.