आधी हवेची वाट पाठ करा

विमानांच्या देखभालीत ट्रेनी म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, बोइंग ७३७ उभं, इंजिन थंड, जवळपास कुणी नाही, आणि आतून खडखड ऐकू येतेय. डब्यात चमचे हलावेत तशी. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या फॅनमधलं काहीतरी सुटलं असं वाटून मी धावत काकांकडे गेले. (वीस-वीस वर्षं इंजिनात हात घातलेल्या टेक्निशियनना आमच्याकडे सगळे काकाच म्हणतात.) काकांनी हातातला चहाही खाली ठेवला नाही. "वारा सुटलाय गं बाहेर," एवढंच म्हणाले.

त्या विमानाचं इंजिन सीएफएम५६-७बी. फॅनचा व्यास सुमारे १५५ सेंटिमीटर आणि त्यात टायटॅनियमची २४ पाती. प्रत्येक पात्याचं मूळ खाचेत बसवलेलं असतं, पण सैल. वाऱ्याने फॅन सावकाश फिरला की पाती आपल्याच वजनाने इकडून तिकडे कलतात आणि वाजतात. इंजिन सुरू झालं की फिरण्याच्या जोराने ती बाहेरच्या बाजूला ओढली जातात आणि खाचेत घट्ट बसतात. फॅनचा १०० टक्के वेग म्हणजे मिनिटाला ५,१७५ फेरे, आतल्या कोअरचा, म्हणजे हवा दाबून इंधन जाळणाऱ्या गाभ्याचा, १४,४६०. त्या वेगाला कसली खडखड!

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) बी१ लायसन्ससाठी, म्हणजे विमान देखभालीच्या परवान्यासाठी, मॉड्यूल १५, म्हणजे गॅस टर्बाइन, मी घोकून पास झाले होते. पण काकांनी एका नळीवर बोट ठेवून "ही कुठून आली?" विचारलं, तेव्हा गप्प. मग त्यांनी मला पुस्तक मिटायला लावलं आणि तोंडापासून शेपटापर्यंत हवेच्या मागे चालायला लावलं. नव्या मुलांना मी आजही हेच करायला लावते.

फॅनमधून आत आलेल्या हवेचे ढोबळमानाने सहा भाग धरा. पाच भाग कोअरला बाहेरूनच वळसा घालून मागे जातात, आणि विमान पुढे ढकलण्याचं बरंचसं काम तेच करतात. जळतो तो उरलेला एक भाग. त्या जाळाची ताकद मुख्यतः टर्बाइन, म्हणजे मागची पात्यांची चक्रं, फिरवण्यात जाते: पहिलं एक चक्र हवा दाबणारा नऊ टप्प्यांचा कॉम्प्रेसर ओढतं, मागची चार चक्रं फॅन आणि बूस्टर (फॅनमागचा छोटा कॉम्प्रेसर). मागून निघणाऱ्या आगीने विमान उडतं असं मी बारावीपर्यंत समजत होते. तुम्हीही समजत असाल तर लाजू नका.

आता खरी गंमत. टर्बाइनवर आदळणारा वायू तिथल्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असतो. तरी पाती टिकतात, कारण कॉम्प्रेसरमधूनच थोडी हवा चोरून त्यांच्या पोटात सोडलेली असते. ती बारीक छिद्रांतून बाहेर पडते आणि पात्यावर पातळ पांघरूण धरते. बोअरस्कोपने, म्हणजे आत सरकवायच्या बारीक कॅमेऱ्याने, पाहताना एकजण गिअरबॉक्सकडून कोअर हाताने हळूहळू फिरवतो, दुसरा स्क्रीनवर एकेक पातं मोजत बघतो. एका पात्याची कड मला भाकरीच्या कडेसारखी करपलेली दिसली. मी म्हटलं, "जास्त तापलंय." काका म्हणाले, "का तापलं? त्याची छिद्रं बघ." दोन छिद्रं धुळीने बुजली होती. मग मॅन्युअल उघडायचं, मर्यादा बघायची आणि त्याप्रमाणे ठरवायचं. इथे अंदाजाला वाव नाही.

लायसन्सबद्दल थोडक्यात: कोर्स संपला म्हणजे लायसन्स हातात पडत नाही. परीक्षा वेगळ्या, प्रत्यक्ष कामाचा अनुभव लॉगबुकात वेगळा. कोर्सच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.

त्यापेक्षा लॉकवायर शिका. बोल्ट सैल होऊ नये म्हणून पीळ देऊन बांधायची ही तार, ०.०३२ इंची असेल तर इंचाला सहा ते आठ पीळ. तिचा ताण बोल्ट आवळण्याच्या दिशेला यायला हवा. माझी पहिली वायर दिसायला देखणी होती आणि उलटी होती. काकांनी न बोलता पकडीने कापली. दुसरीही कापली. चौथी राहिली.

त्या रात्री कापलेला एक तुकडा मोजणीत कमी भरला. इंजिनापाशी हरवलेली वस्तू सापडल्याशिवाय काम बंद करता येत नाही. तिघांनी टॉर्च घेऊन दीड तास काउल (इंजिनाचं बाहेरचं आवरण), शिडी, जमीन धुंडाळली. पहाटे चारला तुकडा सापडला, माझ्याच बुटाच्या तळव्यात रुतलेला.