पोहरादेवीच्या यात्रेत टॉवरचा सीपीयू कसा सांभाळायचा

मी दिग्रसची, कामाला यवतमाळात. मोबाइल नेटवर्कच्या ऑप्टिमायझेशनच्या टीममध्ये आहे, म्हणजे टॉवरवर चढत नाही, टॉवरचे आकडे वाचते. टीममध्ये नवीन पोट्टे आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, फोरजी साइटचा सीपीयू 92 टक्के दाखवून राहिला, एक कॅरिअर वाढवून मागू का?" थांब रे बाप्पा! कॅरिअर म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा; तो वाढवला की हवेतली जागा वाढते. मेन बोर्डावरचा प्रोसेसर तोच राहतो, उलट त्याच्या गळ्यात आणखी तीन सेल (टॉवरच्या तीन दिशांना एकेक) पडतात.

आधी दोन काउंटर, म्हणजे साइटने मोजलेले आकडे, शेजारी लावा: पीआरबीचा (हवेतल्या जागेच्या तुकड्यांचा) वापर आणि सीपीयू. दोन्ही 15 मिनिटांच्या हिशेबाने. पीआरबी तिशीत आणि सीपीयू नव्वदीत असेल तर लोक व्हिडिओ ओढत नाहीयेत, त्यांचे फोन नुसती उठबस करताहेत. सीपीयूची सरासरी पाहू नका, कमाल पाहा. दिवसाची सरासरी 55 असलेली साइट आरतीच्या वेळी दहा मिनिटं मान टाकते आणि रिपोर्टात हिरवीच दिसते.

एक उठबस म्हणजे काय, ते एकदा ट्रेस (फोन आणि नेटवर्कमधल्या मेसेजची नोंद) लावून स्वतः मोजा. फोन खिशात झोपलाय, व्हॉट्सॲपला सर्व्हरला फक्त "मी आहे" एवढंच सांगायचंय. त्यासाठी प्रिअॅम्बल (टॉवरला पहिली हाक), त्याचं उत्तर, आरआरसी विनंती (जोडून घ्या म्हणून), सेटअप, पूर्ण झाल्याचा निरोप, मग कोअरकडे (टॉवरमागच्या मुख्य नेटवर्ककडे) पहिला मेसेज, कॉन्टेक्स्ट, सिक्युरिटी, रीकॉन्फिगरेशन, आणि शेवटी सगळं सोडायचे चार मेसेज. मी मोजले तेव्हा 16 भरले. डेटा किती गेला? एका एसएमएसएवढा. प्रोसेसरला डेटा किती गेला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला या सोळांची मजुरी पडते.

मग उठबस कशामुळे होतेय ते शोधा. आरआरसी विनंतीसोबत फोन कारण सांगतो आणि त्याचे काउंटर वेगवेगळे मिळतात. मोबाइल ओरिजिनेटिंग (फोनने स्वतःहून सुरू केलेला) डेटा जास्त असेल तर ॲप्स. मोबाइल टर्मिनेटेड (फोनकडे येणारं) जास्त असेल तर पेजिंगची, म्हणजे नेटवर्कने फोनला मारलेल्या हाकांची उत्तरं. ओरिजिनेटिंग सिग्नलिंग फुगलं असेल तर बहुतेक वेळा ट्रॅकिंग एरियाची (फोन कुठे शोधायचा त्यासाठी केलेल्या टॉवरच्या गटाची) हद्द. हे न पाहता पॅरामीटरला हात लावणारा माणूस ताप न मोजता सलाइन लावतो.

ॲप्सवरचा उपाय म्हणजे इनॅक्टिव्हिटी टायमर (फोन गप्प झाला की किती सेकंदांनी त्याला सोडायचं ती वेळ), आणि इथे माझीच फजिती झालेली आहे. रामनवमीच्या आदल्या दिवशी पोहरादेवीत, बंजारा समाजाच्या या तीर्थक्षेत्री, तांड्यातांड्यांवरून गाड्या यायला लागल्या. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या बाजूच्या सेलवर जोडलेले यूजर मर्यादेला टेकले. मी टायमर 10 सेकंदांवरून 5 वर आणला. संध्याकाळी यूजर उतरले, मी खूश. सकाळी साइटवरच्या टेक्निशियनचा फोन: "मॅडम, कांड्या फुल आहेत, पण फोन काहून नाही लागून राह्यला?" सिग्नलच्या कांड्या फुलच राहणार, त्या सेलच्या रेफरन्स सिग्नलवरून मोजल्या जातात आणि तो चालूच असतो. पण टायमर निम्मा केल्यामुळे तोच फोन जास्त वेळा झोपत होता, जास्त वेळा उठत होता. सीपीयू गच्च, सेटअप फेल, फेल झालेला फोन पुन्हा विनंती करणार, म्हणजे आणखी गच्च. टायमर 20 वर नेला तेव्हा कुठे सुटका झाली. वाढवताना मात्र तीन गोष्टी बघा: पीयूसीसीएचला (फोनच्या छोट्या नियंत्रण-निरोपांच्या वाटेला) जागा आहे का, यूजरचं लायसन्स पुरतंय का, आणि डीआरएक्स (जोडलेल्या फोनला मधूनमधून डुलकी घेऊ देणारी सोय) चालू आहे का. तो बंद असेल तर यात्रेतल्या लोकांच्या बॅटऱ्या दुपारीच बसतात.

हद्दीचं दुखणं वेगळं. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेच्या काठावर एक गाव आहे. अलीकडचा टॉवर एका ट्रॅकिंग एरियात, पलीकडचा नांदेडच्या बाजूचा दुसऱ्या. नदीवरून सिग्नल सपाट येतो, दोन्ही सारखेच ताकदवान. बाजेवर पडलेला फोनही रात्रभर इकडून तिकडे उड्या मारायचा, आणि दर उडीला ट्रॅकिंग एरिया अपडेट. रीसिलेक्शनचा हिस्टेरेसिस (टॉवर बदलायला सिग्नलमध्ये लागणारा फरक) 2 डीबीवरून 4 केला, थोडं शांत झालं. खरा उतारा कोअरच्या टीमने दिला: एमएमईने (फोनचा ठावठिकाणा ठेवणाऱ्या कोअरच्या भागाने) फोनला दोन्ही एरिया एकाच यादीत दिले. त्यांना मेल टाकताना अपडेटचा तासावार तक्ता जोडा, नुसत्या विनंतीला उत्तर येत नाही. पेजिंगचंही त्यांच्याशीच बोला: शोध आधी शेवटच्या दिसलेल्या साइटवर, तिथे नाही सापडला तरच अख्ख्या एरियात.

टेकडीवरच्या साइटचा टायमिंग ॲडव्हान्स (फोन टॉवरपासून किती लांब आहे ते सांगणारा आकडा) जरूर काढा. फोरजीत एक पायरी साधारण 78 मीटरची. 15 किलोमीटरवरचे फोन दिसत असतील तर ते टॉवरला ऐकतात, पण त्यांचा आवाज टॉवरपर्यंत धड पोचत नाही, म्हणून परत परत ओरडतात. ॲन्टेना दोन अंश खाली वाकवा. किमान सिग्नलची अट वाढवणं सोपं आहे, पण ज्या तांड्यावर दुसरा टॉवरच नाही तिथे ती वाढवू नका. एका कांडीवर का होईना, रात्री ॲम्ब्युलन्स बोलावता येते.

बेसबँड बोर्ड (सेलचे सिग्नल हाताळणारे) दोन असतील आणि एकावरच सगळे सेल टांगलेले असतील तर पहाटे तीनला एक सेक्टर हलवा. सेल काही मिनिटं बंद पडतो, म्हणून पहाट.

एवढं करूनही यात्रेचा दिवस अंगावर आला, तर ॲक्सेस क्लास बॅरिंग, म्हणजे काही फोनना दाराशीच थोडं थांबवणं. फॅक्टर 0.8 ठेवला की प्रत्येक फोन मनातल्या मनात 0 ते 1 मधला आकडा काढतो, 0.8 च्या खाली आला तर आत, नाहीतर थांबा. आणि थांबायची वेळ सगळ्यांना सारखी नसते: ठरवलेल्या वेळेच्या 0.7 ते 1.3 पट. 8 सेकंद दिले तर कोणी 5.6 सेकंदांनी येतो, कोणी 10.4 ने. गर्दी फाकते. आरआरसी रिजेक्टमध्येही वेटटाइम असतो, 1 ते 16 सेकंद. तो 1 वर ठेवला तर नाकारलेले सगळे लगेच परत दारात उभे. 112 साठीचं इमर्जन्सी बॅरिंग वेगळं आहे, त्याला हात लावू नका. 11 ते 15 हे खास वर्गही (सुरक्षा दलं, आपत्कालीन सेवा वगैरेंचे) मोकळे आहेत ना, ते तपासा.

आणि बदलण्याआधी जुनी किंमत, तारीख, वेळ वहीत लिहा. एक्सेलमध्ये नाही, वहीत. एक्सेल कोणीतरी सॉर्ट करतं. एका वर्षी यात्रा उठली, दुकानं गेली, मैदानात नुसत्या पत्रावळी उरल्या, आणि बॅरिंग तसंच राहिलं. बारा दिवसांनी शेजारच्या गावातल्या किराणावाल्याची तक्रार आली, की गर्दी कुठेच नाही, तरी पेमेंट अधूनमधून अडतं. तेव्हापासून मी यात्रेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाचा गजर लावून ठेवते आणि वही उघडून एकेक किंमत परत बसवते.