आंब्याच्या ओल्या लाकडाचा वाडगा कसा सुकवावा

फळ धरेनासं झालेलं आंब्याचं झाड तोडलं की बुंध्याचा बराचसा भाग जळणाला नाहीतर पेट्यांच्या फळ्यांना जातो. ज्याच्याकडे लेथ (लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र) आहे त्याने ते ओंडके सोडू नयेत. लाकूड ओलं असताना सहज कातलं जातं आणि मोठा वाडगा निघतो. मात्र तो एका दमात पूर्ण करता येत नाही. आधी जाड भिंतीचा कच्चा वाडगा काढायचा, तो सुकवायचा आणि मग पक्का कातायचा. मधल्या काळात एप्रिल असेल तर तो तडकतो, जुलै असेल तर त्याला बुरशी येते. या दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे वाडगा कुठल्या महिन्यात लेथवरून उतरला हे आधी बघायचं.

तडा का जातो? लाकडातलं मोकळं पाणी, म्हणजे पेशींच्या पोकळ्यांत साठलेलं पाणी, निघून जाईपर्यंत ते आकसत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांखाली गेला की आकसणं सुरू होतं. वारं लागून वरचा थर आधी तिथे पोहोचतो, आतला अजून फुगलेलाच असतो, मग वरचा फाटतो. त्यातून आकसणंही सगळीकडे सारखं नसतं. सागासारखं शहाणं लाकूडसुद्धा त्रिज्येच्या दिशेने अडीच टक्के आणि वर्षवलयांच्या दिशेने सहा टक्क्यांच्या जवळपास आकसतं. म्हणजे गोल वाडगा सुकल्यावर लंबगोल होणारच. त्याला अडवायचं नाही, फक्त सावकाश होऊ द्यायचं.

ओंडका चिरताना

झाड पडलं की शक्य तितक्या लवकर ओंडका उभा चिरा आणि खोडाच्या अगदी मधला, जिथून वलयं सुरू होतात तो दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा काढून टाका. तो वाडग्यात राहिला तर तडा जवळजवळ ठरलेलाच. लगेच कातणार नसाल तर दोन्ही कापलेल्या तोंडांना वितळवलेलं मेण फासा, कारण पाणी तिथूनच सर्वात वेगाने पळतं. पावसाळ्यात मात्र आंब्याचा ओंडका ठेवूच नका. काही दिवसांतच त्यात निळे-काळे डाग उतरतात.

कच्चं कातताना

भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवा: २५ सेंटिमीटरच्या वाडग्याला २५ मिलिमीटर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही जाडी काठापासून बुडापर्यंत सारखी हवी. बूड जाड राहून गेलेला वाडगा बुडालाच चिरतो. काठाच्या दोन्ही धारा थोड्या गोल करा. चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायची बुडाची खुंटी जरा मोठी ठेवा, तीही लंबगोल होते आणि पुढे परत गोल करावी लागते.

कातून झाल्यावर वाडगा थोडा वेळ लेथवर नुसताच फिरू द्या, बरंच पाणी उडून जातं. मशीन बंद करून मगच पुसा. फिरत्या कामाला फडका लावायचा नाही, बोटं आत ओढली जातात.

आता स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. वाडगा तोला आणि बुडावर पेन्सिलीने तारीख, झाडाचं नाव आणि वजन लिहा. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर घ्यायचे आहेत.

उन्हाळ्यात उतरलेला वाडगा

बाहेरच्या बाजूला, विशेषतः जिथे तंतूंची तोंडं उघडी पडतात तिथे, मेण लावा. मग वाडगा जाड कागदी पिशवीत घालून तोंड दुमडा आणि घरातल्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. ऊन नको, पंखा नको, एसीची खोली तर मुळीच नको. विदर्भात किंवा मराठवाड्यात पिशवीत पिशवी घाला. पहिले दोन आठवडे रोज बघा. केसाएवढी चीर दिसली तर लगेच पातळ सुपरग्लू सोडा. नंतर ती वाढत जाते.

पावसाळ्यात उतरलेला वाडगा

परदेशी व्हिडिओंत वाडगा कातताना निघालेल्या ओल्या कापांत (लाकडाच्या सालपटांत) पुरून पिशवी बंद करायला सांगतात. जुलैत कोकणात तसं केलंत तर आठवड्याभरात वाडग्याला लव फुटेल. इथे पिशवी नको, काप नकोत, प्लास्टिक तर नकोच. मेण फक्त काठाला आणि उघड्या तंतूंना लावा. वाडगा पालथा, दोन पट्ट्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा म्हणजे खालूनही हवा फिरेल. पंखा खोलीत चालू असावा, पण त्याचा झोत वाडग्यावर नको.

मोठं पातेलं असेल तर आधी उकळून घेणं उत्तम. वाडगा पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात, इंचभर जाडीला साधारण एक तास. बुरशी आणि किडी मरतात, आणि उकळलेले वाडगे कमी तडकतात असा अनेक कातकाम करणाऱ्यांचा अनुभव आहे. पाणी तपकिरी होतं, रंग थोडा फिका पडतो. मला तो सौदा परवडतो.

पांढरी लव आलीच तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि हवा वाढवा. निळा-काळा डाग मात्र आत खोल गेलेला असतो. त्याने लाकूड कमजोर होत नाही, पण तो पुसून जात नाही. बोरिक पावडरचा फवारा शोभेच्या वस्तूंपुरताच ठेवा, खायच्या भांड्याला नको.

सुकला हे कसं ओळखायचं

दर रविवारी तोला. वजन आधी भराभर उतरतं, मग रेंगाळतं. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही की वाडगा आजूबाजूच्या हवेशी जुळला. इथेच बरेचजण फसतात. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत लाकूड सुमारे साडेसतरा टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत तेच लाकूड ६ टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणजे ऑगस्टमध्ये वजन स्थिर झालं तरी वाडगा सुकलेला नसतो. तेव्हा पक्का कातून पुण्याला पाठवलात तर मार्चमध्ये पुन्हा वाकडा होईल. पावसाळ्यातल्या वाडग्याला ऑक्टोबरचं ऊन संपेपर्यंत सावलीत थांबवा, दिवाळीनंतर वजन पुन्हा उतरायला लागेल. ते दुसऱ्यांदा स्थिरावलं की लेथवर चढवा, आधी खुंटी गोल करा, मग बाहेरून आणि शेवटी आतून काता.

खाण्याच्या वाडग्याला तेल द्यायचं तर जवसाचं कच्चं तेल वापरा. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘डबल बॉइल्ड’ तेलात बहुधा लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चं तेल वाळायला दोन-तीन आठवडे घेतं, तोवर वाडगा वापरायला काढू नका.