बोटांना कळेल असं पुस्तक

दृष्टिहीन मुलासाठी स्पर्श-पुस्तक करताना पहिला मोह होतो तो चित्राच्या कडेने जाड दोरा चिकटवण्याचा. तो टाळा. हत्तीची बाह्यरेषा डोळ्यांना हत्ती वाटते. बोटांना ती फक्त वळणं घेणारी दोरी असते. डोळे सगळं चित्र एकदम पाहतात, बोटं मात्र एकेक तुकडा चाचपत मनात जोडतात. म्हणून शक्य तिथे खरी वस्तूच लावा: चमचा, बटण, किल्ली, कंगवा. गोष्टीतल्या मुलीने मोजा घातला, तर पानावर खराखुरा छोटा मोजा हवा, ज्यात हात घालता येईल!

एका पानावर एक-दोनच गोष्टी ठेवा आणि त्यांच्यात बोट सहज फिरेल एवढी मोकळी जागा सोडा. थोडी दृष्टी असलेल्या मुलांसाठी गडद पार्श्वभूमीवर फिकट किंवा पिवळी वस्तू लावा. चकचकीत कागद नको, तो डोळ्यांवर चमकतो. ब्रेल मजकूर वस्तूंपासून वेगळा, प्रत्येक पानावर ठरलेल्या जागी असू द्या. ब्रेलचे ६ टिंबांचे अक्षर मोठे करू नका, ते बोटाच्या टोकाखाली एकदम मावायला हवे.

बटणं, मणी पक्के शिवा, नुसत्या गोंदावर विसंबू नका. लहान मुलं ती तोंडात घालतात.

पुस्तक तपासताना स्वतःचे डोळे मिटणं पुरेसं नाही, कारण पानावर काय आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं. मुलाच्या हाती द्या, काही सांगू नका, आणि ‘हे काय आहे?’ एवढंच विचारा.