व्हिटॅमिन ई ची टेस्ट: या चुका टाळा

"उपाशी आहात ना?" "हो, फक्त चहा झालाय." कोथरूडपासून हडपसरपर्यंत सकाळी घरोघरी रक्त घ्यायला जाताना हे उत्तर मी रोज ऐकतो. चहा दुधाचा असतो आणि बशीत खारीचा चुरा दिसतो. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळतं आणि रक्तातही चरबीच्या कणांवर बसूनच फिरतं. म्हणून साधारण 12 तास काही खायचं नाही. पाणी चालतं.

दुसरी चूक मेडिकलमधल्या हिरव्या कॅप्सूलची. केस गळतात, पोटऱ्या वळतात, म्हणून शेजारच्या काकूंनी सांगितलेली. रोजची गरज 15 मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅप्सूल बहुधा 400 ची! ती रात्री घेऊन सकाळी टेस्ट केली, तर रिपोर्टमध्ये आकडा कॅप्सूलचाच येणार. निदान 24 तास आधी थांबवा. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर त्यांना विचारूनच. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही ई असतं, ते बहुतेक जण विसरतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रिपोर्ट वाचताना. आधी युनिट बघा. एका लॅबचा 10 मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे दुसरीकडचा 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि तिसरीकडचा साधारण 23 मायक्रोमोल प्रति लिटर. रक्तात काहीच बदललेलं नसतं, पण "दहावरून एकवर आलं हो" म्हणून फोन येतात. मोठ्या माणसांत साधारण 5.5 ते 17 मिलिग्रॅम प्रति लिटर नॉर्मल धरतात. तरी आपल्या रिपोर्टवर छापलेली रेंजच खरी.

आणि आकडा रेंजमध्ये आला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील तर वाहून नेणारे कणच जास्त, त्यामुळे ई चा आकडाही फुगतो आणि खरी कमतरता झाकली जाते. चरबी फार कमी असेल तर उलट होतं, कमतरता नसताना आकडा खाली दिसतो. म्हणून त्याच नमुन्यातून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची (लिपिडची) तपासणी करून घ्या, म्हणजे डॉक्टरांना ई आणि चरबीचं गुणोत्तर काढता येतं. एक ग्रॅम एकूण लिपिडमागे 0.8 मिलिग्रॅमपेक्षा कमी ई असेल तर प्रौढांत कमतरता मानतात.

खरं सांगू? हेल्थ पॅकेजमध्ये आहे म्हणून ही टेस्ट करणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिची गरजच नसते. भाजीत, कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि फोडणीला सूर्यफुलाचं तेल असलेल्या घरात निव्वळ खाण्यामुळे कमतरता क्वचितच होते. ती होते चरबी पचत किंवा शोषली जात नसेल तेव्हा: पित्त अडकणारा यकृताचा आजार, सिस्टिक फायब्रोसिस (घट्ट स्रावांमुळे फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात आजार), क्रोन्स (आतड्याला सतत सूज येण्याचा आजार), आतड्याचा मोठा भाग काढलेला असणं. चालताना तोल जातोय, हातपाय बधिर होतायत आणि कारण सापडत नाही, अशा वेळी न्यूरॉलॉजिस्ट ही टेस्ट सांगतात.

नमुना उजेडात राहिला तर व्हिटॅमिन ई कमी होऊ शकतं, म्हणून आम्ही ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळतो. घरी रक्त घ्यायला आलेल्याने ती तशीच बॅगेत टाकली तर खुशाल टोका.

वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आकडा कमी आला म्हणून आपल्या मनाने 400 ची कॅप्सूल सुरू करू नका. रक्तस्राव वाढू शकतो. रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, मेडिकलमध्ये नाही.