हेल्थ एआयमध्ये यायचंय? आधी कमरेची टेप हातात घ्या

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तीन मुलांनी एकच विचारलं, ताई, इंदूरात राहून एआयमध्ये कसं शिरायचं, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं. मी रामबागेत वाढले, देवी अहिल्या विद्यापीठातून स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलं आणि गेली चार वर्षं विजय नगरच्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये आहे. कोणाला पुढे शुगर व्हायचा धोका किती, हे आम्ही तपासण्या आणि प्रश्नावलीवरून काढतो. आजार आहे की नाही हे डॉक्टर ठरवतात, आम्ही फक्त आधी कोणाला तपासायचं ते सांगतो, आणि हा फरक पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्का हवा.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच रेझ्युमेत एकच प्रोजेक्ट असतो, पिमा इंडियन डायबिटीसचा डेटासेट. ७६८ बायका, सगळ्या २१ किंवा जास्त वयाच्या, आणि हे 'इंडियन' म्हणजे आपण नाही बरं का, अमेरिकेतल्या ॲरिझोनातली पिमा जमात. त्यात इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ ठिकाणी शून्य आहे, काही जणींचं तर ब्लड प्रेशरपण शून्य! म्हणजे तिथे मोजमापच झालेलं नाही, रिकामी जागा शून्याने भरली आहे. इंटरव्ह्यूत मी एवढंच विचारते की या शून्यांचं काय केलंस. ॲक्युरसी, म्हणजे शंभरातली किती उत्तरं बरोबर आली, हे सगळे सांगतात, शून्याकडे फार थोड्यांनी बघितलेलं असतं.

माझी स्वतःची पहिली चूक याच जातीची होती. पहिलं मॉडेल, म्हणजे जुन्या माहितीवरून शिकून धोका सांगणारा प्रोग्रॅम, इतकं छान चाललं की मी रात्री आईला फोन करून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरमॅडमनी औषधांचा रकाना उघडून दाखवला, त्यात मेटफॉर्मिन होतं. ज्याला शुगरची गोळी आधीच चालू आहे त्याला शुगर आहे हे ओळखायला मॉडेल कशाला पाहिजे? उत्तरच असं आधी माहितीत शिरलेलं असतं, याला लीकेज म्हणतात. तेव्हापासून प्रत्येक रकान्यापुढे मी लिहिते की ही माहिती कोणी, कधी भरली, निदानाच्या आधी की नंतर.

आता टेपचं. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या टीमने २००५ साली इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर आणला, त्यात चारच गोष्टी आहेत, वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांना शुगर आहे का. एकूण १०० पैकी ६० किंवा जास्त आले तर धोका जास्त. रक्त नाही, कॉम्प्युटर नाही. तुमचं मॉडेल या चार प्रश्नांपेक्षा चांगलं नसेल तर ते कोणाला दाखवू नका, हे मी मनापासून सांगतेय.

पण हे चार प्रश्नसुद्धा सोपे नाहीत. इंदूरजवळ देपालपूरकडच्या एका तपासणी कॅम्पात मी फॉर्म भरत होते, एका काकीजींना विचारलं एक्सरसाइज करता का, त्या म्हणाल्या नाही, मी तसंच टिक केलं, आणि मग बोलता बोलता कळलं की त्या रोज शेतात जातात, दोन म्हशींचं सगळं एकट्या बघतात. माझ्या फॉर्मप्रमाणे त्या दिवसभर बसून होत्या! घेराचंही तसंच, कोणी साडीवरून मोजतं, कोणी पोट आत ओढून उभं राहतं, आणि बायकांना परक्या मुलाकडून मोजून घ्यायला संकोच वाटतो म्हणून मग अंदाजाने आकडा लिहिला जातो. ऑफिसात बसून हे काही दिसत नाही. म्हणून नवीन आलेल्याला पहिल्या महिन्यात कॅम्पाला पाठवाच असं मी भांडून ठरवून घेतलंय.

एक हिशोब मात्र तोंडपाठ पाहिजे. समजा १००० लोकांत १०० जणांना खरंच शुगर आहे. मॉडेल आजारी लोकांपैकी ८० टक्के बरोबर पकडतं आणि निरोगी लोकांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडतं. म्हणजे ८० आजारी सापडले, पण ९०० निरोगी लोकांतले १८० पण लाल यादीत आले. २६० जणांना आपण काळजीत टाकलं, त्यातले ८० खरे. म्हणूनच यादीनंतर रक्ततपासणी लागतेच, आणि स्क्रीनवर 'तुम्हाला शुगर आहे' असं कधीच लिहायचं नाही, 'तपासून घ्या' लिहायचं.

बाकी शिकण्याचं म्हणाल तर पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाहीची शक्यता काढायची साधी पद्धत) नीट येत असेल तर सुरुवात होते, डीप लर्निंगसारख्या मोठ्या, गुंतागुंतीच्या मॉडेल्सचं नंतर बघू. फार्मसी किंवा लॅब टेक्निशियनचं शिक्षण असलेल्यांनी तर अजिबात लाजू नका, रिपोर्टमधला आकडा कुठे चुकू शकतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीची आरोग्यातल्या एआयबद्दलची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून या.

आणि प्रोजेक्ट हवा असेल तर घरापासून करा. नातेवाईक, बिल्डिंगमधले, गणपती मंडळातले मिळून ३० जण गाठा, आधी परवानगी घ्या, नावाऐवजी नंबर लिहा, चार प्रश्न विचारा, घेर दोन वेगळ्या दिवशी मोजा आणि दोन्ही आकडे ठेवा. त्या दोन आकड्यांत किती फरक पडला आणि त्याने कोणाचा स्कोअर ६० च्या अलीकडे पलीकडे गेला, हे घेऊन इंटरव्ह्यूला या, मी तासभर बोलेन तुमच्याशी. आणि ज्यांचा स्कोअर ६० च्या वर येईल त्यांना घाबरवू नका, उपाशीपोटी शुगर करून घ्या म्हणा, आणि आठ दिवसांनी केली का ते विचारायला परत जा.