शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड थाटताना

दिवाळीला आम्ही बडोद्याला, दांडियाबाजारच्या घरी आलो होतो, तेव्हा कारेलीबागेतलं एक जोडपं भेटायला आलं. दोन मुलं, सात आणि अकरा वर्षांची. नोकऱ्या सोडून मलेशियात लंकावीला शिडाच्या बोटीवर राहायचं त्यांचं पक्कं झालंय. आम्ही चौघं तिथे सहा वर्षं तसेच राहतोय. त्यांना जे बोलले, ते त्यांच्यासारख्या इतरांसाठी लिहून ठेवते.

पहिले दोन महिने कुठेही जाऊ नका. बोट घेतली की थायलंड गाठायची घाई होते. आम्ही केली, आणि दुसऱ्याच दिवशी उलट्या करकरून मुलीने अंग टाकलं. मोठ्यांना दोन-तीन दिवसांत समुद्राची सवय होते, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर आधी झोप, स्वयंपाक, अभ्यास यांची घडी बसू द्या. बारा मीटरच्या बोटीत चौघांना मिळून एका माजघराएवढीही जागा मिळत नाही आणि रुसून बसायला वेगळी खोली नसते. आमच्याकडे बोट उभी असताना नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जाऊन जो बसेल, त्याला हाक मारायची नाही. हा नियम नवऱ्यालाही लागू आहे.

पुठ्ठ्याचा खोका बोटीवर चढू देऊ नका. त्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी येतात आणि एकदा घुसलेलं झुरळ महिनोन्‌महिने हलत नाही. आम्ही सामान धक्क्यावरच डब्यांत भरतो. बडोद्याहून मेतकूट, भाजणी, कोकम आणा. शिट्टीचा कुकर तर आणाच. बोट कलली तरी त्यातली डाळ सांडत नाही. शेगडी झुलती असते, तरीही पातेलं अडवणारे गज लावून घ्या.

आमची पाण्याची टाकी 400 लिटरची आहे. नांगर स्वच्छ पाण्यात असेल तर भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी पेलाभर गोड्या पाण्याने विसळायची. मुलांची आंघोळही तशीच, समुद्रात डुंबून वर एक तांब्या गोडं पाणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. बडोद्याच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. मूल डेकवर आलं की अंगात जॅकेट, आणि मांड्यांमधला पट्टाही आवळलेला, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. बोट चालू असताना हार्नेसची, म्हणजे अंगावर आवळलेल्या पट्ट्यांची, दोरी डेकवर लांबवर बांधलेल्या पट्ट्यात अडकवल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही. रात्री मोठ्यांनीसुद्धा.

नांगराला साखळी भरपूर सोडा, भरतीच्या वेळच्या खोलीच्या किमान पाचपट. नैर्ऋत्य मोसमात मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री किंवा पहाटे अचानक वादळी वारा सुटतो, त्याला तिकडे 'सुमात्रा' म्हणतात. पहिल्या वर्षी आम्ही तिप्पटच सोडली होती. पहाटे साडेतीनला तोंडावर टॉर्चचा उजेड पडला. शेजारच्या बोटीवरचा माणूस ओरडत होता आणि आमची बोट वाहत त्याच्यापासून दोन हातांवर आली होती. तेव्हापासून वारा वाढला की आम्ही दोघं आळीपाळीने जागतो.

शाळेची काळजी सगळ्यांनाच असते. एनआयओएस या केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळातून दहावी देता येते, त्यासाठी 14 वर्षं पूर्ण हवीत. तोवर मराठी पुस्तकं जवळ ठेवा. आमचा मुलगा भरतीच्या वेळा मराठीत वहीत लिहितो. त्या रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे का सरकतात, हे त्याने चंद्र बघत स्वतःच शोधून काढलं.

निघता निघता त्या बाईंनी विचारलं, "देव कुठे ठेवायचे?" डोलकाठीच्या पायथ्याशी ठेवा, तिथे बोट सगळ्यात कमी हलते. आमचा सुपारीचा गणपती स्टीलच्या डबीत असतो, खाली न सरकणारी रबरी जाळी. निरांजन नांगर टाकल्यावरच लावायचं. बोट सुटायच्या आधी मुलगी डबीचं झाकण लावते आणि "बसलाय" असं मोठ्याने सांगते. मग आम्ही नांगर उचलतो.